ताब्याची हलगी

बेलीफ प्रभाकरपंतांनी चाळीच्या अंगणात पाऊल टाकलं आणि हलगीवाल्या आनंदाला काटक्या पेटवायला सांगितल्या. तापवल्याशिवाय हलगी कडक बोलत नाही, आणि आज ती कडकच बोलायला हवी होती. कल्याणातली ही चाळ सुमतीबाईंनी कोर्टाच्या लिलावात घेतली होती. आत भाडेकरू असले की त्यांना उठवून ताबा देत नाहीत. दारापुढं हलगी वाजवून, मालक बदलला असं मोठ्यानं पुकारून तो देतात. सगळ्यांनी ऐकलं म्हणजे ताबा झाला.

सगळी दारं बंद होती. नवी मालकीण तुम्हाला रस्त्यावर काढणार, हे जुन्या मालकानं एकेकाच्या डोक्यात भरवून ठेवलं होतं. मागच्या खेपेला तर, गुणाजी वारले, घरात मयत आहे, असं सांगून भाडेकरूंनी पंतांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. ते गुणाजी दुसऱ्या दिवशी पंतांना रेशनच्या रांगेत भेटले, पिशवीसकट.

ताब्याच्या वॉरंटाची मुदत आज संपत होती. पंतांच्या मागं उभ्या सुमतीबाईंचा जीव त्या हलगीत अडकला होता.

तेवढ्यात एक दार किलकिलं झालं आणि गुणाजींच्या विमलाबाई बाहेर आल्या. सून शीला, तिचं तान्हं पोर डांग्या खोकल्यानं हैराण आहे, म्हणाल्या. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. आत्ता कुठं निजलंय, तेवढी हलगी वाजवू नका.

"मागं मयत, आता खोकला," पंत म्हणाले. दुधानं तोंड पोळलं होतं त्यांचं. ते ताकही फुंकूनच पिणार.

चपला काढून सुमतीबाई आत गेल्या. शीला भिंतीला टेकून बसली होती, पोर मांडीवर. पाय अवघडून गेला असणार, पण ती हलत नव्हती. पोराच्या ओठांभोवती अजून निळसर होतं आणि छातीतून बारीक शीळ येत होती. परकी बाई दारात उभी पाहून शीलानं नुसता हात जोडला, तोही एकच. दुसरा पोराच्या डोक्याखाली होता.

सुमतीबाई बाहेर आल्या. "आनंदा, हळू वाजव," म्हणाल्या.

पंतांनी कपाळाला हात लावला. "बाई, उद्या हे सगळे कानांवर हात ठेवतील. ऐकूच आलं नाही म्हणतील, आणि ते खरंही असेल. मग बसा पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत."

अशा वेळी माणसाला आपलं हित आठवतं. सुमतीबाईंना ते आठवलं नाही असं नाही. तरी त्या म्हणाल्या, "वाजू दे हळूच."

आनंदानं बादलीत हात बुडवला आणि तापलेल्या कातड्यावरून ओला पंजा फिरवला. मग काठी कमरेला खोचून तो नुसत्या बोटांनी वाजवू लागला. पंतही खालच्या आवाजात वाचू लागले. पहिल्या दारापर्यंतसुद्धा ते पोचत नव्हतं.

विमलाबाई बघत होत्या. कुणाचं काय पणाला लागलंय, ते त्यांना न सांगता कळलं. पदर खोचून त्या पडवीत चढल्या आणि दारादारावर बोटाच्या पेरानं टकटक करत गेल्या. दारं उघडली. विमलाबाईंनी एकेकाच्या कानाशी काहीतरी सांगितलं. माणसं अनवाणी पायऱ्या उतरली. कुणाच्या एका गालावर अजून साबण होता, कुणाचे हात पिठाचे होते. सगळी येऊन हलगीभोवती दाटीनं उभी राहिली, माना पुढं काढून.

पंतांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि ऐकलेल्यांची नावं लिहायला घेतली.

सगळ्यांत शेवटी गुणाजी आले. कानानं ते पार गेलेले. गर्दीतून वाट काढत पुढं होऊन त्यांनी ओल्या हलगीवर तळहात पालथा ठेवला आणि आनंदाला मान हलवून खूण केली. आनंदानं बोटं वाजवली.

गुणाजींनी हात तसाच ठेवला. मग पंतांकडं वळून, आपल्या ओढून घेतलेल्या दाराकडं एकदा बघत, ते अगदी हळू म्हणाले, "लिवा सायेब. गुणाजीनं आयकला."