थापांचं सदर

कादंबरी कुठवर आली, असा संपादकबाईंचा फोन आला की लेखकमहाशय एक नवी थाप ठोकून द्यायचे. कधी त्यांच्या खुर्चीत मांजरीने पिल्लं घातलेली असायची, तर कधी सासूबाईंची कवळी प्रिंटरमध्ये अडकलेली. खरं एवढंच होतं, की तिसऱ्या प्रकरणापुढे त्यांना ओळ सुचत नव्हती.

एकदा बाईच म्हणाल्या, "कादंबरी राहू द्या हो. तुमच्या थापा ऐकून अख्खं ऑफिस पोट धरून हसतं. दर सोमवारी एक थाप लिहून पाठवा, सदर छापू."

महाशय हरखले. थापा म्हणजे तर त्यांच्या हातचा मळ! सोमवारी ऐटीत टेबलाशी बसले आणि दुपारपर्यंत पंख्याकडे बघत राहिले. एक थाप सुचेल तर शपथ! मग त्या सदराचं तोंड बघायला नको म्हणून त्यांनी कादंबरीची फाइल उघडली, आणि सदर चुकवता चुकवता महिन्याभरात कादंबरी हातावेगळी झाली.

शेवटी बाईंचा पारा चढला. "अहो, सदर कुठंय?"

"खरं सांगतो बाई, कादंबरी लिहीत होतो. पूर्णसुद्धा झाली!"



"छे, ही थाप अगदीच फुसकी! दुसरी सांगा."