सारेलच्या खालची ओळ

"मागच्या खेपेला आम्ही मार्चमध्ये आलो होतो ना?" पाद्री क्रीएल कॉफीत टोस्ट बुडवत म्हणाले.

"फेब्रुवारीत. एकोणीस तारखेला," सारेलकाका म्हणाले. चर्चची बाप्तिस्म्याच्या नोंदींची वही चाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. चुकीची तारीख त्यांना दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखी सलायची.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. त्याआधीची ही पाद्रींची घरभेट. घरात काही वाकडं असेल तर ते आजच सरळ करायचं. या घरात वाकडं एकच होतं, सारेलकाकांच्या पुतणीची, हेस्टरची कादंबरी. ती विद्यापीठात आफ्रिकान्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या भाषेतलं साहित्य शिकवायची, आणि लिहायचीही त्याच भाषेत.

सारेलकाकांनी टाइप केलेलं पत्र तिच्यासमोर सरकवलं. चारच ओळी होत्या. सातव्या प्रकरणातला दाविद हा आमच्या लाटेगान घराण्यातला नाही. त्याचे वडील माझे आजोबा होते हे खोटं आहे. प्रकरण मी मागे घेते आहे. खाली सहीसाठी जागा.

"सही कर, पोरी. रविवारी आईच्या शेजारी बसशील. पुढच्या महिन्यात प्राध्यापकाची खुर्चीही मिळेल, निवड समितीत मी आहे."

"आणि नाही केली तर?"

"तर दोन्हीकडे उभी राहा."

"सतरा वर्षं शिकवतेय, काका. उभं राहूनच शिकवतात."

पाद्री हसले. काकांनी बघताच त्यांनी हसू आवरलं. "बाळ, कादंबरीच आहे शेवटी," ते म्हणाले. "एका प्रकरणावाचून तुझं काय अडतंय?"

"काकांचं काय अडतंय, ते आधी विचारा."

"आपल्याच भाषेत आपल्याच घराची लाज काढलीस!" काकांचा आवाज चढला.

"मग कुणाच्या भाषेत काढू? दाविदही हीच बोलायचा."

"दाविद आपला काळा मेंढपाळ होता. बस्स. वहिनी, बायबल आणा. दाखवू दे हिला, त्यातल्या आपल्या घराण्याच्या नोंदींत कुठे दाविद आहे ते."

आई उठली. तिने कपाटातलं जाड बायबल आणून टेबलावर उघडलं. घरात बायबल उघडलं की कामाच्या माणसांनी दारापाशी येऊन ऐकायचं, ही इथली रीत. कॉफीची किटली हातात घेऊन सीना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दाविदची मुलगी.

पहिल्या कोऱ्या पानांवर आजोबांचं टोकदार अक्षर होतं. पाच मुलं, पाच जन्मतारखा. शेवटची ओळ सारेलची: १२ सप्टेंबर १९०२. त्याखाली तीन बोटं मोकळी जागा.

"आहे का काही?" काकांनी विचारलं.

"जागा आहे," हेस्टर म्हणाली, आणि तिने पेनाचं टोपण काढलं.

पाद्रींच्या हातातला टोस्ट मोडून कॉफीत पडला. "हेस्टर, अगं बायबल आहे ते!"

"म्हणूनच, पाद्रीसाहेब."

तिने सारेलच्या खाली लिहिलं: दाविद. जन्म १९०५. साल तिने कादंबरीतही अंदाजानेच घातलं होतं. शेतावरच्या घराण्याच्या कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, दाविदच्या डोक्याशी नुसता दगड आहे. त्यावर अक्षर नाही.

"तीन!" सारेलकाका म्हणाले. "एकोणीसशे तीन. अकरा ऑगस्ट. मी अकरा महिन्यांचा होतो तेव्हा तो..."

ते थांबले. पाद्री कॉफीच्या कपात बघत राहिले.

हेस्टरने पाच खोडून तीन केले. पुढे तारीख घातली.

"आणि मृत्यू, काका?"

"ते मला ठाऊक नाही." बहात्तर वर्षांच्या काकांनी मान वर केली नाही. मग दाराच्या दिशेने हात केला. "तिला विचार."

सीनाने किटली खाली ठेवली. "आठ जून, एकोणसाठ," ती म्हणाली. "ऐन हिवाळा. त्या दिवशी बर्फ पडलं होतं, हेस्टरबाई."

हेस्टरने तेही लिहिलं. बर्फाचं सोडून.

"खुर्ची गेली, एवढं ध्यानात ठेव," काका म्हणाले.

"ठेवलंय."

शाई अजून ओली होती. हेस्टरने समोरचं पत्र उचललं, पालथं केलं आणि टिपकागदासारखं नव्या ओळीवर दाबलं. कागद गुळगुळीत होता.

"हा काही नीट टिपत नाही," ती म्हणाली.

आई खुर्ची ओढून हेस्टरच्या शेजारी बसली.

"जोराने दाब," ती म्हणाली.