चालेल

"मॅडम, तुम्ही पुन्हा फोडलंत."

पडद्यावरचा प्रशिक्षक हसत होता, पण ते हसू दमलेलं होतं. तिने स्वतःच्या उत्तराकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचं नाव माहितीच्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, त्याचा पत्ता दुसऱ्यात, फोन नंबर तिसऱ्यात. हात आपोआप जुन्या वाटेनेच गेले होते.

"नव्या डेटाबेसमध्ये टेबलं नाहीत, मॅडम. जे एकत्र लागतं ते एकत्र ठेवायचं. तुम्ही त्याचं डोकं इथे ठेवलंत, पाय तिथे. हे गिऱ्हाईक आहे की पोस्टमॉर्टेम?"

"कुणाचं पोस्टमॉर्टेम गं?" आईने सोफ्यावरून विचारलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"कुणाचं नाही. आई, माझी परीक्षा चाललीय."

"या वयात?"

"याच वयात."

तिने सगळं पुसलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. ऑफिसात तिला टेबलताई म्हणत. गेल्या वर्षापर्यंत तरी मानाने म्हणत. कुठल्याही कंपनीत माहितीचा गुंता झाला की कंत्राटावर तिलाच बोलावत, आणि ती एकेक धागा सोडवून ज्याच्या त्याच्या टेबलात नेऊन बसवी. तिच्या पहिल्या साहेबांनी, गारठलेल्या कॉम्प्युटर रूममध्ये स्वेटरच्या बाह्या खाली ओढत, एकच मंत्र दिला होता: एक गोष्ट एकाच जागी लिहायची, तिथे बदलली की सगळीकडे बदलली. त्या मंत्रावर तिने सगळी नोकरी काढली होती. आता म्हणे जिथे लागेल तिथे प्रत ठेवा. खुशाल दहा ठेवा.

परीक्षेला बसायची ही तिसरी खेप. या वेळीही नापास झाली तर महिनाअखेरीस कंत्राट संपणार, आणि गळ्यातलं ओळखपत्र दारावरच्या रखवालदाराच्या हातात देऊन यायचं.

"हां, आता जमलं," प्रशिक्षक म्हणाला. "आता शेवटचा प्रश्न." तो जरा घुटमळला. "तोच आहे, मॅडम."

तिला तो पाठ होता. गिऱ्हाइकाने पत्ता बदलला. एका प्रतीत नवा पत्ता आला, दुसऱ्या प्रतीत थोडा वेळ जुनाच राहिला. चालेल का? मागच्या दोन्ही खेपांना ती इथेच अडली होती. उत्तर माहीत होतं. तोंडातून निघत नव्हतं.

"कसं चालेल?" ती म्हणाली.

"मॅडम, प्लीज. सगळ्या प्रती जुळेपर्यंत दुकान बंद ठेवायचं का? बातमी हळूहळू पोचतेच सगळीकडे. तुम्ही फक्त 'चालेल' म्हणा आणि का ते सांगा."

"म्हणजे एका खोलीत खरं आणि शेजारच्या खोलीत खोटं?"

"खोटं नाही, मॅडम. जुनं."

काल शाळा सोडून आलेलं पोर आपल्याला खरं-खोटं शिकवतंय, आणि आपण मान खाली घालून शिकायचं. टेबलाखाली तिच्या पायाचा अंगठा फरशीवर आपटत होता.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. आईने कपडे बाजूला सारले, गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आणि सावकाश चालत फोनपाशी गेली.

"हो, त्यांचंच घर... कानाचं मशीन? हो, हो, तपासायची वेळ झालीच असेल आता... ते होय? ते ना, जरा बाहेर गेलेत... सांगते की. परत करा हं फोन. नक्की करा."

तिने लॅपटॉपचा आवाज बंद केला.

"आई! बाहेर गेलेत काय? त्या मशीनच्या दुकानाला मी स्वतः कळवलं होतं. बाबा गेले त्याच आठवड्यात. तिथल्या बाईने माझ्यासमोर लिहून घेतलं."

"घेतलं असेल की."

"मग एकदा सांगितलं की सगळ्यांना कळायला नको? किती वेळा सांगायचं माणसाने?"

"चिडतेस काय? कळेल गं. या मुलीपर्यंत नाही पोचलं अजून." आईचा हात अजून रिसीव्हरवरच होता. "गोड बोलली. 'साहेब आहेत का' म्हणाली. किती दिवसांनी विचारलं कुणी."

ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली.

पडद्यावर प्रशिक्षक हात हलवत होता. तिने आवाज सुरू केला.

"आहात ना, मॅडम? मला वाटलं लाइन गेली."

"आहे."

"मग काय लिहू? चालेल का?"

"चालेल," ती म्हणाली.

"वा, मॅडम!" त्याला खरंच आनंद झाला. "आता एवढंच सांगा, किती वेळ चालेल?"

तिने मान वळवली. कपड्यांच्या घड्या अर्ध्या तशाच पडल्या होत्या. आई खिडकीजवळची खुर्ची दोन्ही हातांनी धरून, मध्ये मध्ये दम खात, फोनच्या दिशेने सरकवत होती.