मशीनच्या जागी माणूस

मी ज्या स्टुडिओत ड्रम वाजवायचो, तिथे एक दिवस ड्रम मशीन आलं. बटण दाबलं की ठेका सुरू. ते ऐकून सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो. "याला ड्रम म्हणायचं? पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखं वाजतंय!" पुढच्याच महिन्यात मशीन स्टुडिओत राहिलं आणि मी घरी बसलो.

परवा, इतक्या वर्षांनी, मालकांच्या मुलीचा फोन आला. स्टुडिओ आता तीच बघते. "काका, ते जुनं मशीन बंद पडलं हो. तसलंच दुसरं घ्यायचं तर किंमत ऐकूनच डोळे पांढरे होतात. आणि हल्लीच्या गायकांना आवाज तोच हवाय! त्याच्या स्वस्तातल्या नकला आणून पाहिल्या, कॉम्प्युटरवर करून पाहिलं, पण मजा येत नाही. म्हटलं, तुम्ही परवडाल."

शेवटचं वाक्य गाळून मी बायकोला सगळं सांगितलं. "बघ, शेवटी माणूस तो माणूस!"

ती म्हणाली, "गुडघ्याला पट्टा बांधून जा."

पट्टा बांधला, मिशीला कलपही लावला आणि स्टुडिओत जाऊन अगदी जीव तोडून वाजवलं. थांबलो तेव्हा शर्ट घामाने चिंब झाला होता. काचेपलीकडे मालकांच्या मुलीने हेडफोन काढला आणि जरा अवघडूनच म्हणाली,



"छान वाजवलंत, काका. पण हे अगदी खऱ्या ड्रमसारखं वाटतंय हो."