केशरी पिशवी

"मॅडम, धावपट्टी मोकळी आहे. सिस्टिम हिरवं दाखवतेय, उतरू द्या की," शेजारचा सहकारी म्हणाला.

तीनशे किलोमीटर दूरचा विमानतळ कॅमेऱ्यांतून समोरच्या पडद्यावर होता; तिथली विमानं ती इथूनच उतरवायची. विमान मिनिटभरावर आलेलं. पण धावपट्टीकडेची, वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी फुगूनही फडफडत नव्हती. घरच्या कॅमेऱ्यात झोपलेल्या लेकीची छाती हलतेय ना, हे रोज निरखणारे तिचे डोळे तिथंच अडकले.

"चित्र थिजलंय!" तिनं वैमानिकाला तडक वर जायला सांगितलं.

"चुकलात तर चौकशी लागेल हं."

"लागू दे."

अर्ध्या मिनिटानं चित्र हललं. धावपट्टीच्या मधोमध गवत कापणारा ट्रॅक्टर उभा होता.

ड्युटी संपताच तिनं सासूबाईंना फोन लावला.

"अगं, झोपलीय ती. कॅमेऱ्यात दिसतेय ना तुला?"

"दिसतेय हो, आई. तरी जवळ जाऊन हात लावून बघा."