बांबूचा आडोसा

अर्चनानं पहिला दांडा कापला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिचा नवरा अमरसिंह कारखान्यातून साडेचारला यायचा. तोवर वाळलेलं सगळं काढून, कचरा भरून, बाल्कनी पुसून व्हायला हवी होती.

चेन्नईजवळ तांबरमच्या या फ्लॅटमध्ये ती दोघं दिवाळीनंतर राहायला आली. आल्या आल्या त्यानं कठड्यालगत चार निळ्या पिंपांत बांबू लावला. पाणी तोच घालायचा. "याला कात्री लावायची नाही. दाट होऊ दे," एवढंच त्यानं बजावलं होतं. कामावर जाताना तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा. फोन घरात एकच, तोही त्याच्या खिशात.

पण बांबू आतून मरायला लागला होता. पानांखाली पांढरी कीड, बुडाशी कुजका वास. माहेरी कुडाळला परसात बांबूचं बेट होतं. तिला हे बघवेना. जुना दांडा खाली, पेराच्या लगेच वर कापायचा, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. कोवळे कोंब ठेवायचे. स्वयंपाकघरातल्या दातेरी सुरीनं तिनं पाच दांडे काढले. बाल्कनीत ऊन आलं. सहाव्याला सुरी निसटली.

"आई गं!"

"कोण गे तें?"

समोरच्या इमारतीत, वीसेक हातांवर, एक म्हातारी ओली साडी धरून उभी होती. मराठी जुन्या वळणाची, तंजावरकडची, तमिळ हेलाची. कितीतरी महिन्यांनी अर्चनाच्या कानावर दुसऱ्या कुणाचं मराठी पडलं होतं.

"मी... इथेच राहते," ती बोट दाबून धरत म्हणाली.

"इथें? मी अलमेलू. रोज इथेंच कपडे वाळत घालतें. त्या घरांत बाईमाणूस कधी पाहिलें नाही."

"आमचे हे कारखान्यात असतात. अमरसिंह."

"तो सांगितला, एकटाच आहे म्हणून." म्हातारी कठड्यावरून पुढे झुकली. "बायको दिवाळींत वारली म्हणून. तू त्याची कोण?"

अर्चनाच्या बोटातून रक्त ठिबकत होतं. ते तिला जाणवलंही नाही.

"बायको," ती म्हणाली.

मागे कुलूप उघडलं. चारसुद्धा वाजले नव्हते.

अमरसिंह बाल्कनीच्या दारात आला. त्यानं कापलेले दांडे पाहिले, मधली फट पाहिली, फटीतून पलीकडे पाहिलं. मग हसून अलमेलूला नमस्कार केला.

"सुरी दे," तो तसाच हसत, हळू आवाजात म्हणाला. "आणि आत चल."

अर्चनानं सुरी दिली नाही. दुसऱ्या हातानं कठडा घट्ट धरला आणि ती मोठ्यानं म्हणाली, "आजी, माझं नाव अर्चना. मी रोज तीन वाजता इथे येऊन उभी राहीन. रोज!"

"उन्हानं डोकं दुखतंय तिचं," अमरसिंह पलीकडे तमिळमध्ये म्हणाला.

अलमेलूच्या हातातली साडी कधीच खाली पडली होती. ती उचलायला ती वाकली नाही.

"मीही येतें हो," ती म्हणाली. "रोज."

बोलली ती अर्चनाशी, पण बघत होती अमरसिंहाकडे.