न फुलणारा कांचन

रोपवाटिकेतली ताई पुन्हा एकदा त्या झाडाखाली उकिडवी बसली. चिमटीत माती चुरून तिनं वास घेतला. कांचन तिच्याच हातचा होता, कलम केलेला. असं झाड लावल्यावर दुसऱ्या वर्षी फुललंच पाहिजे. गल्लीतले बाकीचे कांचन गुलाबी होऊन गेले होते आणि मागच्या अंगणातला हा मात्र नुसती पानं मिरवत ढिम्म उभा होता.

"खत घातलं, पाणी तोडलं, छाटणी केली," ती म्हणाली. "आजोबा, माझ्या कलमानं मला असं तोंडघशी कधी पाडलं नव्हतं."

आजोबांनी मान डोलावली. असतं एखादं झाड हट्टी, म्हणाले, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. ते त्यांनी आधीही विचारलं होतं.

खरं तर ताईला बोलावलं होतं ते आजोबांच्या परगावच्या लेकीनं. कारण खिडकीच्या आत, पलंगावर होतं: आजी.

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण नको, बोलणं नको, चार पावलं चालणं तर नकोच. महिनेच्या महिने तसेच गेले. त्यात आजीची छाती भरू लागली आणि डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आजीनं एवढंच मागितलं: या खिडकीतून कांचन एकदा फुललेला बघू दे, मग मी जायला मोकळी.

दुसऱ्या दिवशी आजोबा उठून झारी शोधायला लागले. मग काय, माणूस झाडाचाच झाला. आळं कर, कीड वेच, खतासाठी पायपीट कर. बसलेले गाल वर आले. आजीनंही डॉक्टरांना खोटं पाडून दोन हिवाळे काढले. झाडाला मात्र दया येईना.

ताईला फार वाईट वाटायचं. म्हातारीची एवढीशी इच्छा, आणि दगा द्यावा आपल्याच कलमानं!

पुढच्या आठवड्यात ती नवं औषध घेऊन भल्या पहाटे आली. आजोबा स्टुलावर चढले होते. फांदी वाकवून काहीतरी खुडत होते आणि खिशात टाकत होते. आत आजी रोजच्यासारखी भिंतीकडे कूस करून झोपली होती.

"आजोबा, खिसा दाखवा."

आजोबांनी खिसा उलटा केला. त्यातून टपोऱ्या हिरव्या कळ्या पडल्या.

ताईचा पारा चढला. तिकडे आजी डोळे लावून बसली आहे आणि तुम्ही इकडे हे उद्योग करता, असं ती बोलणारच होती.

"हे फुललं की ती जाणार," आजोबा हळूच म्हणाले. "तसं म्हणालीय ती. आणि शब्दाची फार पक्की आहे हो."

ताईनं स्टूल घट्ट धरलं. मग वर बोट करून म्हणाली, "ती शेंड्याकडची राहिली."

जाताना ती आजीला भेटायला आत गेली. आजोबा चहा टाकायला वळले, तशी आजीनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. उशीखालून एक रुमाल काढून तिच्या हातात दिला. आत एक चपटी, वाळलेली शेंग होती. हलवली की खुळखुळत होती.

"या बिया पुढच्या अंगणात गुपचूप रुजव," आजी म्हणाली. "बियांचं झाड फुलायला पुष्कळ वर्षं घेतं ना? रोप वर आलं की माझी खाट तिकडच्या खिडकीशी हलवू आणि यांना सांगू, आता त्याचं फूल बघून जाईन. हे सारखे स्टुलावर चढतात, एखाद्या दिवशी पडतील."

ताईनं शेंग उलटीपालटी करून बघितली. कांचनाचीच होती. फूल आल्याशिवाय शेंग धरत नाही.

"आजी, ही कुठली?"

"याच झाडाची. खिडकीतून हात घालून सगळ्या तोडल्या मी, यांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवायच्या आत." आजीनं स्वयंपाकघराकडे कान दिला. "हे दवाखान्यात होते ना, तेव्हा फुललं होतं. डोळे भरून बघितलंय मी."